गुरुवारचं कपाळ

"तेलकट," मी म्हणाले आणि कागद ट्यूबलाइटसमोर धरला. "बघा मॅडम, आरपार दिसतंय."

खरंच दिसत होतं. कागदातून पलीकडच्या बांगड्यांची रांग, तिच्यामागची काकूंची खुर्ची, खुर्चीतल्या काकू, सगळं दिसत होतं. भज्याखालचा कागद परवडला, इतका तो माखला होता. कुमुद मॅडमनी चष्मा सावरून कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की लहानपणापासून थंडीत त्यांचे गाल उलतात, आई दुधाची साय चोळायची, तेव्हा आपली त्वचा कोरडी असेल असा त्यांचा समज होता. त्यावर मी हसले. कशी हसले ते आठवलं की वीस-बावीस वर्षांनंतरही मला स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

"समजावर नसतं ते मॅडम. कागद खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझं नव्हतं. ते नागपूरच्या ट्रेनिंगमधल्या बाईंचं होतं. एका कंपनीने क्रीम आणि लोशनचा नवा माल दुकानात ठेवायचा म्हणून प्रत्येक दुकानातून एकेका मुलीला तीन दिवस नागपूरला नेलं होतं. 'शृंगार लेडीज कॉर्नर'मधून गेले मी, प्रणिता ढोरे, वय एकवीस, बारावी पास, तोवरचा अनुभव बांगड्या चढवण्याचा. परत आले ती पांढरा कोट घालूनच. एसटीतून उतरतानाही अंगात कोट होता, म्हणजे बघा. सोबत पाच चेहऱ्यांचा एक तक्ता होता, कोरडी, तेलकट, मिश्र, नाजूक आणि साधी अशा पाच त्वचांचा, आणि पातळ कागदांचा एक गठ्ठा. त्या कोटाने माझं डोकं फिरवलं, दुसरं काही नाही. कोट चढवला की मला वाटायचं, आपण बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची.

दुकान वत्सलाकाकू बोबडेंचं. काकूंनी तीस वर्षं गावाला थंडीत एकच क्रीम विकलं होतं, पांढरं, घट्ट, चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या बरणीतलं. उन्हाळ्यात ते आत जायचं आणि पावडर बाहेर यायची. संपला विषय. मॉइश्चरायझरला त्या 'माश्चर' म्हणायच्या आणि माझ्या तक्त्याकडे बघून मान फिरवायच्या. पण नवा जमाना आहे, पोरीला हौस आहे, म्हणून त्यांनी मला दाराजवळचं काउंटर दिलं होतं. होळीपर्यंत बघू म्हणाल्या, नाही जमलं तर कोट खुंटीला आणि तू बांगड्यांत.

तक्ता सोपा होता. तेलकट त्वचेला पाण्यासारखं हलकं जेल, आणि दिवसातून तीन वेळा फेसवॉश. कोरडीला घट्ट क्रीम. मिश्रला लोशन. नाजूकला बिनवासाचं. साधीला काहीही चालतं. ओळखायचं कसं, तर तोंड धुवायचं, अर्धा तास काही न लावता बसायचं आणि मग कपाळावर कागद दाबायचा. आता आमच्या गावात अर्धा तास कोण बसणार? बाया यायच्या त्या बाजाराच्या दिवशी, पिशव्या घेऊन, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत असायचा. मी आपलं पदराने कपाळ पुसायला लावायचे आणि कागद दाबायचे. त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या एकूणएक बाया तेलकट निघाल्या होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी कंपनीला कळवलं की आमच्याकडची हवाच तशी आहे.

तर कुमुद मॅडम. कुमुद मॅडम म्हणजे कुमुद तराळे, गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. वय चाळीसच्या आसपास, लग्न केलं नव्हतं, का ते कोणी विचारायचं धाडस केलं नव्हतं. दिवसभर त्या 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसायच्या आणि ती पाटी पहिल्यांदा स्वतः पाळायच्या. पण संध्याकाळी सात वाजता गावातला प्रत्येक टीव्ही त्यांच्या आवाजाने बोलायचा. केबलवाले सुधाकरभाऊ गावच्या बातम्या दाखवायचे, दहा मिनिटं, थेट, त्यांच्याच घराच्या माडीवरून. मागे निळी चादर, पुढे टेबल, टेबलामागे कुमुद मॅडम. कोणाच्या शाळेचं गॅदरिंग, कापसाचा भाव, नळाला पाणी कोणत्या वॉर्डात कधी येणार, लग्नाचा आहेर स्वीकारला जाणार नाही. पण त्या असं वाचायच्या की ऐकत राहावं. 'ळ' म्हणजे 'ळ', 'ण' म्हणजे 'ण'. या कामाचं त्यांना काही मिळत नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलंही नव्हतं.

त्या गुरुवारी त्या माझ्याकडे आल्या, त्याचं कारण सव्वीस जानेवारी. त्या दिवशी सुधाकरभाऊ पहिल्यांदाच तासभराचा कार्यक्रम दाखवणार होते आणि त्यासाठी त्यांनी नवा कॅमेरा आणला होता. त्या कॅमेऱ्यात म्हणे चेहऱ्यावरचं सगळं दिसायचं. सुधाकरभाऊंची एक मेहुणी अकोल्याला होती, तरुण, कॉलेजात निवेदन करणारी, आणि मॅडम जरा खोकल्या तरी भाऊंना ती आठवायची. मॅडमनी हे मला चहाडी म्हणून नाही सांगितलं, काळजी म्हणून सांगितलं.

"दिवसभर मी बोलत नाही, आणि बोलले तरी ऐकतं कोण," त्या म्हणाल्या. "ती दहा मिनिटं माझी आहेत गं. ती गेली तर माझं काय उरतं? म्हणून म्हटलं, चेहऱ्याकडे जरा बघावं."

मी त्यांना जेलची ट्यूब दिली, फेसवॉश दिलं, दिवसातून तीनदा, न चुकता, असं डॉक्टरी थाटात सांगितलं. ग्रंथपाल बाई त्या. चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या. गुरुवारी बाजार, म्हणून वाचनालयाला सुट्टी. चेहरा ओढल्यासारखा दिसत होता, नाकाच्या बाजूला लाली होती, हसताना त्यांना त्रास होत होता. म्हणाल्या, तोंड धुतलं की चुरचुरतं, कुठे चुकतंय का बघ. मी कागद काढला, दाबला, उजेडात धरला. पुन्हा आरपार.

"मॅडम, अजून तेल निघतंय," मी म्हणाले. "आता चारदा धुवा."

बांगड्यांमागून काकू हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, तिच्या गालाले एकदा हात तं लावून पाय."

मी काकूंना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला हात लावायचा नसतो, जंतू जातात, ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलंय. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बांगड्यांचा डबा जरा जोरात बंद केला. मॅडम चारदा धुवायचं लिहून घेऊन गेल्या.

सोमवारी संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीवर सात वाजले. मॅडम आल्या, नमस्कार केला. नव्या कॅमेऱ्यात खरंच सगळं दिसत होतं. गालांवर, हनुवटीवर, भुवयांमध्ये पांढरे पांढरे पापुद्रे, खालची कातडी लालसर. दिव्याच्या उजेडात ते डाग असे उठून दिसत होते की कापसाचा भाव काय सांगितला ते कोणी ऐकलंच नाही. टिकल्यांचं पाकीट घ्यायला आलेली एक बाई टीव्हीकडे बघत सहज बोलून गेली, "मॅडमले कोड निघालं वाटते वं."

झालं. एवढं एक वाक्य पुरे होतं. मंगळवारी ते पिठाच्या गिरणीत पोचलं, बुधवारी कन्याशाळेत. कोड असतं तरी काय, ते कोणाला लागत थोडंच, पण हे ऐकायला कोणाला सवड होती? बुधवारी सात वाजता निळ्या चादरीपुढे सुधाकरभाऊ स्वतः बसले. 'नगराध्यक्षांच्या' म्हणताना तीनदा अडखळले. शेवटी म्हणाले की कुमुद मॅडम प्रकृतीच्या कारणाने विश्रांती घेत आहेत आणि सव्वीस तारखेच्या कार्यक्रमाला अकोल्याहून खास निवेदिका येत आहे.

काकूंनी टीव्ही बंद केला. मग त्या बांगड्या मोजायला लागल्या. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, तक्ता दाखवला असता. तो सगळा गुरुवार मी काउंटरला उभी राहिले, पण कागदाच्या गठ्ठ्याला हात लावायचा धीर झाला नाही. मॅडम आल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. ट्यूब खराब निघाली असेल, कधीकधी आधी त्रास होतो मग बरं वाटतं, असलं काहीबाही. कोट घालूनच गेले होते, म्हणजे लाज अजून पुरती आली नव्हती.

मॅडम अंगणात उन्हाला पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या. नुकत्याच न्हालेल्या, केस मोकळे सोडलेले, खांद्यावर पंचा. मला बघून दचकल्या, पंचा तोंडापुढे घेतला, मग मीच आहे म्हटल्यावर खाली केला. जवळून तो चेहरा बघवत नव्हता. बाजूला बादली होती, तांब्या होता आणि माझ्याकडून घेतलेलं फेसवॉश होतं. सकाळपासून दोनदा झालं, त्या म्हणाल्या. अजून दोनदा व्हायचंय. सांगितल्याबरहुकूम.

 मी सवयीने खिशातून कागद काढला आणि कपाळावर दाबला. उन्हात धरला.

कागद कोरा. एक ठिपका नाही. पलीकडचं काही म्हणता काही दिसेना.

मी दुसरा कागद काढला. गालावर दाबला, नाकावर दाबला, तिसरा काढला, हनुवटीवर दाबला. सगळे कोरे, वर पापुद्रेच चिकटून आले. मी त्यांच्या ओल्या केसांकडे बघितलं आणि विचारलं की तुम्ही डोक्याला तेल कधी लावता.

"कधी म्हणजे? गुरुवारी," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी न्हायचं, तर आदल्या दिवशी लावायचं. तू नाही लावत?"

मी लावत होते. माझी आई लावत होती. वत्सलाकाकू लावत होत्या. आमच्या गावातल्या समस्त बाया शुक्रवारी डोक्यावरून न्हायच्या, म्हणून गुरुवारी सकाळी ओंजळभर खोबरेल टाळूवर थापायच्या, घट्ट वेणी घालायच्या आणि बाजाराला यायच्या. आणि मी कोट घालून, पुढारलेली, त्यांच्या कपाळावर ओघळून आलेलं खोबरेल कागदावर टिपायचे आणि त्यांना सांगायचे की तुमची त्वचा तेलकट आहे. नागपूरच्या बाईंनी अर्धा तास बसवायला सांगितलं होतं, ते मी गाळलं. गुरुवारचं त्यांना कुठून माहीत असणार? ते मला माहीत होतं. जन्मल्यापासून माहीत होतं.

मग माझी नजर बादलीकडे गेली. काठावर पांढरा खारट थर बसलेला, आमच्या घरच्या बादलीला बसतो तसाच. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. त्या पाण्याने, उललेल्या गालांवर, साबण लावून, दिवसातून चार वेळा. मी सांगितलं म्हणून.

आणि तेव्हा कुठे मी हात पुढे केला आणि त्यांच्या गालाला लावला. खरखरीत होता, तापलेला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन आठवडे हा गाल माझ्यासमोर एका हाताच्या अंतरावर होता.

मी सगळं सांगून टाकलं. घोकलेलं काही बोलले नाही. त्वचा तुमची कोरडीच आहे, तुम्ही म्हणत होतात तेच खरं, चूक माझी आहे. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघेल, निघायलाच हवी होती. मॅडम उठून आत गेल्या आणि पर्स घेऊन आल्या. मग त्यांनी पर्समधून ती चिठ्ठी काढली, माझ्या सूचनांची, उलटी केली, मांडीवर ठेवली आणि पेन उघडलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग आता काय लावू?"

मी तिथंच अंगणात रडायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चेहऱ्याची चाळण झाली, गावाने नाव ठेवलं, हातची जागा गेली, आणि बाई पेन उघडून मलाच विचारतेय.

मग त्यांनी सांगितलं की वाचनालयात पुस्तक परत करायला आलेल्या बाया आता पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात. नेमकं कोण मागे सरलं त्यांची नावं त्यांनी घेतली नाहीत. आठ-दहा दिवसांत चेहरा भरून येईल, त्या म्हणाल्या, पण गावाच्या डोक्यातलं काही निघणार नाही, आणि सुधाकरभाऊ काही वाईट माणूस नाही, त्यालाही त्याचा धंदा आहे. मी आपली वाचनालयात बरी. असं म्हणत त्या हसायला गेल्या आणि ओठ फुटला.

मी तडक दुकानात आले आणि काकूंपुढे उभी राहिले. घडलं ते सांगितलं. सगळं झाल्यावर त्यांनी मागच्या फळीवरून ती घट्ट क्रीमची बरणी काढली. साबण बंद, बोअरचं पाणी बंद, नळाच्या गोड्या पाण्याने नुसतं तोंड ओलं करायचं आणि पुसून टाकायच्या आत, ओलं असतानाच, हे गालांना लावायचं, कोरड्यावर चोळलं तर नुसतं वर राहतं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या तक्त्यात हे ओलं असतानाचं होतं, अगदी तळाशी, बारीक अक्षरात. मी ते कधी वाचलंच नव्हतं.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. टीव्हीवर जाऊन हे बोलणार म्हणाले. काकूंचा चेहरा बदलला.

"टीव्हीवर जाऊन आमच्या दुकानानं तोंड खराब केलं म्हणून सांगशीन," त्या म्हणाल्या, "तं उद्यापासून त्या काउंटरले हात लावू नको. तीस वर्षं झाली मले या गावात. एका बाईनं तक्रार नाई केली."

त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. नाव त्यांचं होतं. आणि ते काउंटर माझा जीव की प्राण होतं. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, बांगड्या चढवणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नाही, काउंटरवरच्या मुलीला बाप सुद्धा विचारून निर्णय घेतो, एवढा फरक त्या चार फूट काचेने माझ्या आयुष्यात केला होता. रात्रभर माझं मन खाली-वर होत राहिलं. मॅडम स्वतःच म्हणतात ना जाऊ दे, मग जाऊ दे. शनिवारी दुपारपर्यंत मी हेच म्हणत होते. तेवढ्यात एक बाई दुकानात आली आणि क्रीम हातात घेऊन मला विचारू लागली की हे लावून मॅडमसारखं कोड तर नाही ना होत. मी कोटाची बटणं लावली आणि पायात चपला सरकवल्या.

मॅडमना मी खोटं सांगून नेलं. भाऊंनी कसल्या तरी कागदाला बोलावलंय म्हटलं. त्या तोंडावर पदर घेऊन माझ्यामागून माडी चढल्या. सात वाजायला दहा मिनिटं होती आणि सुधाकरभाऊ घाम पुसत 'नगराध्यक्षांच्या' शब्दाचा सराव करत होते. मी त्यांना पाच मिनिटं मागितली. त्यांनी साफ नाही म्हटलं. मग मी म्हणाले की भाऊ, आठवडाभर अख्खं गाव एकाच बातमीबद्दल बोलतंय आणि ती बातमी फक्त तुमच्याकडे नाही. आता धंदेवाईक माणूस तो. मला बघितलं, पदराआडच्या मॅडमना बघितलं, घड्याळ बघितलं आणि खुर्ची सोडली.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. समोर एक काळं भिंग आणि त्याच्यामागे सगळं गाव. माझे आईवडील, पिठाची गिरणी, कन्याशाळा. मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं. मुद्दाम टाळूवर तेल थापून आले होते. कागद काढला, माझ्या कपाळावर दाबला आणि भिंगापुढे धरला. हा माझा कागद, मी म्हणाले, माझी त्वचा तेलकट नाही, हे माझ्या डोक्याचं खोबरेल आहे. मग मॅडमचा हात धरून त्यांना उजेडात आणलं. त्या मागे ओढत होत्या. मी त्यांच्या कानात फक्त 'मॅडम, एकदा' म्हणाले. त्यांनी पदर खाली केला. मी त्यांच्या कपाळावर, जिथे क्रीम नव्हतं, कागद दाबला आणि तो कोरा कागद माझ्या कागदाशेजारी धरला.

"हे कोड नाही," मी म्हणाले. "मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्यांची त्वचा कोरडी आहे. मी त्यांचं ऐकलं नाही, तेल पुसून पाहिलं नाही, आणि खाऱ्या पाण्याने दिवसातून चारदा तोंड धुवायला लावलं. त्यांच्या चेहऱ्याचं हे मी केलंय. ज्या ज्या बायांना मी गुरुवारी तेलकट म्हटलं, त्या सगळ्यांची माफी मागते." आणि मग हात आपोआप उचलला गेला, मी मॅडमच्या गालावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला, लागण होते म्हणणाऱ्यांना नीट दिसावं म्हणून.

 सुधाकरभाऊंनी कॅमेऱ्यामागून हातातला बातम्यांचा कागद बघितला, त्यातला तो शब्द बघितला, आणि चार पावलं पुढे येऊन तो कागद मॅडमपुढे टेबलावर ठेवला. मॅडम बसल्या. गाल क्रीमने चकाकत होते, ओठावर चीर होती, हनुवटी सोलत होती. त्यांनी नमस्कार केला आणि बातम्या सुरू केल्या. नगराध्यक्षांच्या हस्ते काय झालं ते गावाला चार दिवसांत पहिल्यांदा नीट कळलं.

मी भिंतीशी सरकले.  तेवढ्यात जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला आणि वत्सलाकाकू वर आल्या. दुकान उघडं टाकून आल्या होत्या, गेल्या तीस वर्षांत त्यांनी हे केलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. मी कोट काढला, घडी घातली आणि त्यांच्यापुढे धरला. काकूंनी तो बघितलाच नाही. बिंदीच्या खोक्याचा एक तुकडा त्यांच्या हातात होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. तो त्यांनी सुधाकरभाऊंच्या हातात कोंबला आणि खुणेने सांगितलं की वाचायला लावा. भाऊंनी वाकून तो टेबलावर सरकवला.

मॅडमनी तो तुकडा उचलला आणि त्याच आवाजात, कापसाच्या भावासारखा, वाचला.

"एक निवेदन. शृंगार लेडीज कॉर्नर येथे यापुढे दर शुक्रवारी त्वचा तपासून मिळेल. तपासणी कुमारी प्रणिता ढोरे करतील. भगिनींनी डोक्यावरून न्हाऊन यावे. कपाळाला तेल आढळल्यास परत पाठवण्यात येईल."

मी काकूंकडे बघितलं. काकू टीव्हीवाल्या खोलीतली निळी चादर न्याहाळत होत्या, जणू तीच बघायला आल्या होत्या.

निवेदन संपलं होतं, पण मॅडमनी तुकडा खाली ठेवला नाही. त्यांनी मान वर केली. सात वर्षांत त्यांनी त्या खुर्चीत बसून लिहिलेल्याबाहेरचा एक शब्द उच्चारला नव्हता आणि वऱ्हाडीतला तर एकही नाही. त्यांनी भिंगातून अख्ख्या गावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पयला नंबर माहा आहे बरं. कोनी मधात घुसू नका."

मग त्यांनी चष्मा सावरला आणि नळाला पाणी कोणत्या वॉर्डात किती वाजता येणार ते वाचायला घेतलं.